स्वरलिपी, नामनियम आणि ‘कर्ता’

दुर्मिळ स्वरलिपींची पाने संगणकाच्या जाळ्यावरून परस्परांना उपलब्ध करून देण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. अशा संग्रहांचा नामनियम ढोबळमानाने एकाच साच्याचा असतो : आधी रचनाकाराचे आडनाव, मग रचनेचे शीर्षक, मग तिचा क्रमांक. साच्यात न बसणारी नोंद परत पाठवली जाते, अथवा परस्पर साच्यात बसवली जाते. याविषयीची कुरकुर ‘गैरसोय’ या सदरात टाकून निकालात काढण्यात येते. परंतु नामनियम हे मुळात कलाकृतीच्या स्वरूपाविषयीचे विधान आहे, आणि ते कारकुनी सोयीच्या आडून केलेले असल्यामुळे त्याची चिकित्सा कोणी करीत नाही.

विधान असे : प्रत्येक स्वरलिपी ही एका ‘कृती’ची असते, कृतीला एक कर्ता असतो, आणि कर्त्याने तिला नाव दिलेले असते. युरोपीय संगीताच्या बाबतीतही हे सरसकट खरे नाही. ‘कृती’ची ही नियामक संकल्पना साधारणतः 1800 च्या सुमारास प्रस्थापित झाली, असे लिडिया गेर यांनी 1992 मध्ये साधार मांडले. मोझार्टच्या रचनांना लावले जाणारे क्रमांक क्योखेलने 1862 मध्ये, म्हणजे मोझार्टच्या मृत्यूनंतर एकाहत्तर वर्षांनी दिले. हायडनच्या नावावर सुखेनैव नांदणारी ‘ओपस 3’ची सहा चतुष्टके त्याची नसून होफश्टेटर नावाच्या पाद्र्याची असावीत, असे 1964 मध्ये पुढे आले. कर्त्याचे नाव हे वर्गीकरणाचे साधन असते, हे फूकोचे 1969 मधील प्रतिपादन आपल्या विद्यापीठांतून आता पाठ झाले आहे. मात्र ते पाठ केलेले अभ्यासकही नोंदपत्रक भरताना आडनावाच्या रकान्यापुढे निमूटपणे मान तुकवतात.

बंदिशीपाशी येताच हा साचा पुरता कोलमडतो. बंदिशीला शीर्षक नसते; तिच्या मुखड्याचे आरंभीचे शब्द हेच तिचे नाव. म्हणजे येथे नामकरण आणि उद्धरण या दोन क्रिया मुळी वेगळ्याच नाहीत. तेच शब्द निरनिराळ्या रागांत सापडतात, आणि तीच बंदीश एका घराण्यात एका पाठाने तर दुसऱ्यात दुसऱ्या पाठाने गायिली जाते. कर्ता शोधावा तर तो संहितेच्या आतच मुद्रेच्या रूपाने बसलेला. ‘सदारंग’ ही नियामतखाँची मुद्रा, हे सर्वश्रुत आहे. पण त्या मुद्रेच्या असंख्य रचनांत मुहंमदशहा रंगीले याचेही नाव गुंफलेले असते, आणि पुढच्यांनी तीच मुद्रा घालून रचना केल्या नसतील अशी हमी कोणी द्यावी? फैयाजखाँचे ‘प्रेमपिया’, जगन्नाथबुवा पुरोहितांचे ‘गुणीदास’ या नावांना आडनाव कोठून आणावयाचे?

भातखंड्यांचे उदाहरण तर या नियमाची थट्टाच करते. 1910 चे ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ त्यांनी ‘चतुरपंडित’ या नावाने लिहिले. मराठीतील ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ ‘विष्णुशर्मा’ या नावाने लिहिली आणि तीत चतुरपंडिताचा आधार एखाद्या परक्या ग्रंथकाराचा द्यावा तसा दिला. ‘क्रमिक पुस्तकमालिके’त उस्तादांकडून मिळवलेल्या चिजा आहेत आणि खुद्द ‘चतुर’ची लक्षणगीतेही आहेत. ‘भातखंडे’ या एका आडनावाखाली हे सर्व गेले की संकलक रचनाकार होतो आणि ज्यांच्या कंठातून चिजा उतरवल्या ते नाहीसे होतात. (रोमन लिपीत चिन्हांशिवाय लिहिताना ‘ठ’ आणि ‘थ’, ‘ळ’ आणि ‘ल’ एक होतात, हा त्यावरचा वेगळा जुलूम.)

नाट्यपदांची गोष्ट याहून बिकट आहे. ‘संगीत स्वयंवर’ (1916) मधील पदाचा कर्ता कोण? शब्द खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि त्यांतील कित्येक चालींच्या मागे एखादी जुनी चीज उभी. संगीत नाटकांच्या छापील प्रतींनी हा पेच फार पूर्वी ओळखला होता. पदाच्या माथ्यावर ‘चाल’ असे लिहून त्या दुसऱ्या गीताचे आरंभीचे शब्द त्या देतात. पदाची वंशावळ सांगणारी ती ओळ नव्या नोंदपत्रकात गळून पडते, कारण तिच्यासाठी रकानाच नाही.

नियमाचे कैवारी म्हणतील, शिस्तीवाचून संग्रह म्हणजे अडगळ. एकच पान दहा नावांनी दहा वेळा येईल, आणि शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. ही भीती खोटी नाही. परंतु शिस्त आणि एकनामत्व यांचे समीकरण कोणी सिद्ध केले? वस्तूला एकाच खणात न कोंबता तिच्या अनेक पैलूंनी तिच्याकडे पोहोचता यावे, ही दृष्टी रंगनाथनांच्या 1933 च्या द्विबिंदू वर्गीकरणात आहे, आणि तीही कागदी पत्रकांच्या काळात. संगणकाला तर दहा नावे सांभाळण्याचा काडीचाही भार होत नाही. पानाला निरर्थक असा एक अनुक्रमांक द्यावा. मुखडा, राग, ताल, मुद्रा, संकलक, ज्याच्याकडून चीज घेतली तो गायक, ‘चाल’ आणि पाठभेद या सर्व वाटा त्याच्याकडे मोकळ्या ठेवाव्यात. आणि कर्त्याचा रकाना रिकामा राहिला म्हणून नोंद परत पाठवू नये. मुखपृष्ठाची प्रतिमा मात्र सक्तीची करावी, कारण जुने पुस्तक स्वतःचे नाव काय सांगते हे तेथेच दिसते.