इसार कुणाचा, उचल कुणाची

आपल्या मराठवाड्यात आगाऊ पैशाला दोन शब्द आहेत. एक इसार आणि दुसरा उचल. वावराचा सौदा ठरला, इसार दिला. बैलजोडी पसंत पडली, इसार दिला. लग्नाला मंगल कार्यालय धरलं, तरी आपली आजी ‘इसार देऊन आले’ असंच म्हणायची. आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला कंधार, मुखेड, लोह्याकडची जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, ती मुकादमाकडून घेतात ती उचल. दोन्हीत पैसा कामाच्या आधी हातात येतो. पण इसारात देणारा बांधला जातो, आणि उचलीत घेणारा! बाईच्या कमाईचा विचार करताना हा फरक फार मोलाचा आहे, आणि तो मला ज्या बाईमुळे नीट उमगला, ती देहविक्रय करते.

मैत्रिणींनो, ‘हा विषय आपल्या पुरवणीत कशाला?’ असं काहींच्या मनात आलं असेल. येणारच. पण ही बाई काही वेगळ्या गावची नाही. ती आपल्याच एसटीत आपल्या शेजारच्या सीटवर बसते, आपल्याच भाजीवालीकडे घासाघीस करते, मुलाच्या शाळेची फी भरते. तिचं नाव, गाव सांगणार नाही. आरोग्य तपासणीच्या कामानिमित्त आमची ओळख झाली आणि हळूहळू ती बोलायला लागली. ती कुणा घरवालीकडे नाही, मध्ये दलाल नाही. चाळिशीला टेकलेली बाई, फोनवर स्वतः ठरवते आणि स्वतः जाते. ‘धंदा’ हा शब्दही तिचाच, मी आपला बिचकत वापरते.

तिचा नियम असा. ठरलेल्या रकमेतले पाचशे रुपये आधी फोनवर आले पाहिजेत, तेव्हाच ती घरातून पाऊल बाहेर टाकणार. पूर्वी ती तसंच जायची. नांदेडहून लातूरला जायचं म्हणजे एसटीत तीन-साडेतीन तास. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालंय म्हणून बरं, पण वेळ काही अर्धा होत नाही. स्टँडवर उतरून फोन लावावा तर फोन बंद. किंवा ‘आज नको, पुढच्या आठवड्यात बघू’. रात्रीची गाडी पकडून परत. “ताई, वरून हसायलेत ते. मी काय गंमत म्हणून आले का?” असं ती म्हणाली. त्या दिवसाची मजुरी गेली, शेजारणीला मुलगा सांभाळायचे पैसे द्यावे लागले, त्याचा हिशेब कुणी द्यायचा?

मग तिने इसार सुरू केला, आणि रद्द करण्याचे नियमही तिचे तिनेच बसवले. गिऱ्हाइकाने आदल्या दिवशी कळवलं तर पैसे पुढच्या वेळेला धरायचे. ती निघाल्यावर कळवलं तर पैसे तिचे. आणि तिच्याकडून रद्द झालं, पोराला ताप आला, पाळी आली, किंवा फोनवरच्या बोलण्यावरून माणूस बरा वाटला नाही, तर त्याच दिवशी पाचशेचे पाचशे परत. घासाघीस नाही, सबब नाही. शेवटचा भाग मला सगळ्यात आवडला. (आमच्या बचत गटाची दिवाळीच्या फराळाची ऑर्डर घेताना हे असं स्वच्छ कुणी ठरवत नाही आणि मग भाऊबीजेपर्यंत रुसवेफुगवे चालतात, ते सोडा.)

मेहंदीवाली, पार्लरवाली, स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेणारी, या सगळ्या आता ॲडव्हान्स घेतात. २०२० च्या मार्चअखेर लॉकडाऊन लागला, ऐन लग्नसराईत लग्नं पुढे गेली, तेव्हा या पैशाचं काय करायचं यावरून घराघरात केवढी भांडणं झाली! तेव्हापासून ज्या शहाण्या झाल्या, त्या दोन ओळी लिहून घेतात. भांडण फारच वाढलं तर ग्राहक आयोग आहे, कोर्ट आहे. माझ्या या ओळखीच्या बाईला यातलं काहीच नाही. आपला करार कायदा १८७२ चा. त्याच्या तेविसाव्या कलमात सांगितलंय की अनैतिक हेतूचा करार कोर्ट मानत नाही. कलमाखाली उदाहरणं दिली आहेत, त्यात एक असं : कुणी आपली मुलगी दुसऱ्याला रखेल म्हणून भाड्याने द्यायचा करार केला, तर तो करार रद्दबातल. इंग्रजांच्या काळातलं हे उदाहरण आजही पुस्तकात तसंच आहे. त्यात करार आई करतेय आणि मुलगी ही वस्तू आहे, हे लक्षात घ्या. बाईच स्वतः ठरवते आहे, अशी कल्पनाही लिहिणाऱ्याला शिवलेली नाही.

म्हणजे झालं काय, गिऱ्हाइकाने पैसे बुडवले तर ती कोर्टात जाऊन ‘माझे पैसे द्या’ असा दावा लावू शकत नाही. सावकाराला कागद असतो, दुकानदाराला पावती असते, तिला यातलं काही नाही. उधारी तर तिला परवडतच नाही. म्हणून तिचा इसार ही हाव नाही, ते तिचं एकमेव कुलूप आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे कुणी म्हणेल, हा धंदाच बेकायदा आहे, मग कसले नियम? तसं नाही. आपल्याकडे ‘पिटा’ म्हणतात तो १९५६ चा कायदा कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, बाईला या कामाला लावणं, सार्वजनिक जागी किंवा तिच्या जवळपास हे करणं, गिऱ्हाइकाला खुणावणं हे गुन्हे मानतो. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने हे काम करणं हा स्वतः गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन महिलांना सुधारगृहातून सोडताना हेच स्पष्ट केलं होतं. (मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र मर्जी-बिर्जी काही नाही, तो सरळ गुन्हा आहे आणि १०९८ ला फोन करायचा.) या कायद्यात आणखी एक गंमत आहे. अठरा वर्षांवरचा कुणीही जाणूनबुजून दुसऱ्याच्या या कमाईवर जगत असेल तर त्याला शिक्षा. नेम दलालावर आहे, पण शब्द असे की तिची म्हातारी आई आणि कॉलेजात गेलेला मुलगाही त्यात बसू शकतो.

आता उचलीकडे येते. या धंद्यात अनेक बाया येतात त्या इसाराच्या वाटेने नाही, उचलीच्या वाटेने. आजारपण, हुंडा, नवऱ्याचं कर्ज यासाठी कुणीतरी आधी पैसे देतं आणि मग ते फेडायचं म्हणून ती अडकते. घरवालीकडचा जेवणखर्च, कपडे, औषध सगळं खात्यावर चढत जातं आणि आकडा उतरतच नाही. १९७६ च्या वेठबिगारी कायद्याने अशी बांधून ठेवणारी उचल बेकायदा ठरवली आहे, ऊसतोडीच्या बाबतीत ते बोललं तरी जातं. पण इथे बाईच्या बाबतीत ‘तिनेच पैसे घेतले होते’ म्हटलं की सगळे गप्प बसतात. तिने घेतले होते म्हणजे तरी काय? अनेकदा पैसे घेतलेले असतात भावाने, बापाने, नवऱ्याने. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ च्या आत्मकथनात चिरा उतरवण्याची प्रथा ज्यांनी वाचली असेल, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. पैसा मालक देतो, घरचे पुरुष खातात आणि बांधली जाते ती मुलगी.

तमाशा आणि संगीत बारीतल्या बायकांना हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गुढीपाडव्याला नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे कारभारी यात्रेसाठी सुपारी द्यायला तिथे येतात. आपल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतही फड येतात, लावणी महोत्सव होतो. तिथेही सुपारी म्हणजे इसार. पण फडातल्या बाईला फडमालकाने दिलेले पैसे मात्र पुन्हा उचलच! एकाच तंबूत दोन्ही. २०२० आणि २०२१ ला यात्रा बंद पडल्या, तेव्हा सुपाऱ्या थांबल्या. आधी घेतलेली उचल मात्र डोक्यावर राहतेच.

आणि सुपारी घेऊन कलावंत आलीच नाही तर? १९६३ चा एक कायदा आहे, ज्यात ठरवलेली गोष्ट प्रत्यक्ष करून घेण्याबद्दलचे नियम आहेत. त्यानुसार जे काम माणसाच्या अंगच्या गुणावर अवलंबून आहे, ते कोर्ट कुणाकडून जबरदस्तीने करून घेत नाही. म्हणजे गाणारीला पोलीस पाठवून मंचावर उभं करता येत नाही. फार तर पैसे आणि भरपाई मागता येते. मग जी गोष्ट गाण्याला लागू, ती शरीराला लागू नाही का?

खरा धोका इथेच आहे. मागच्या वर्षी एका माणसाने तिला इसार पाठवला आणि मग फोनवर तिसऱ्या माणसाचा आवाज ऐकू आला. तिने ‘मी येत नाही’ म्हणून तासाभरात पैसे परत केले. तो ऐकेना. “पैसे घेतलेस, आता यावंच लागेल, नाहीतर तुझा फोटो गावात फिरवतो.” असे दहा-बारा फोन! ती दोन दिवस जेवली नाही. इसार हा वेळेचा असतो, गाडीभाड्याचा असतो. त्याने बाई विकत घेतली जात नाही. आधी हो म्हटलेलं दारात उभं राहूनही मागे घेता येतं, बलात्काराच्या कायद्यात संमती म्हणजे त्या वेळची संमती. याच महाराष्ट्रातल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगितलं होतं की बाईची वागणूक लोकांच्या नजरेत कशीही असो, तिच्या मर्जीविरुद्ध तिच्यावर हात टाकायचा परवाना कुणालाच नाही आणि केवळ तेवढ्यावरून तिची साक्ष फेकून देता येणार नाही. आज पस्तीस वर्षं होऊन गेली. ठाण्यात मात्र पहिला प्रश्न ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हाच असतो.

दुसरीकडे या इसाराच्या नावावर लुटालूटही चालते, हे सांगायलाच हवं, कारण त्यात आपल्या घरातली मुलंही सापडतात. इंटरनेटवर कुठल्यातरी सुंदर बाईचा फोटो टाकून ‘आधी रजिस्ट्रेशन फी, मग हॉटेलचे, मग सुरक्षेचे’ असे पैसे उकळायचे. पलीकडे बाई नसतेच, कुठेतरी बसलेली पुरुषांची टोळी असते. मग व्हिडिओ कॉल, मग धमकी. क्लासेससाठी लातूरला ठेवलेला पोरगा अचानक ‘मेसचे पैसे वाढले’ म्हणून दोनदा पैसे मागायला लागला तर रागावण्याआधी शांतपणे विचारा. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. अब्रूच्या भीतीने गप्प बसू नका.

या टोळ्यांमुळे माझ्या ओळखीच्या बाईसारख्यांचं दुहेरी नुकसान होतं. गिऱ्हाईक इसार द्यायला कचरतं आणि कुणी खोटा स्क्रीनशॉट पाठवून ‘पैसे टाकले’ म्हणतं. ती आता स्क्रीनशॉट बघतच नाही, बँकेचा मेसेज बघते. कुणाचे चोरीचे पैसे तिच्या खात्यात आले तर तपासात तिचं खातंही गोठू शकतं, म्हणून मुलाच्या शाळेचे आणि गॅसचे पैसे तिने दुसऱ्या खात्यात ठेवलेत. फोटो पाठवत नाही, ओटीपी सांगत नाही, पिन टाकून ‘पैसे घ्या’ म्हणणाऱ्याचा फोन तिथल्या तिथे ठेवते. यातली एकेक गोष्ट आपल्या पार्लरवालीलाही उपयोगाची आहे.

हा धंदा चांगला आहे असं मी म्हणत नाही. त्यातून बाहेर पडायचं म्हणेल तिला मी शिवणाचं मशीन मिळवून द्यायला धावते आणि धावत राहीन. पण मशीन मिळेपर्यंत, आणि ज्यांना ते नको त्यांच्याही हातात, स्वतःचा पैसा स्वतःकडे असावा. सांगलीत १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद ही अशा बायकांचीच संघटना आहे. एकीवर आलं की बाकीच्या जमतात. आपल्याकडे एकटीदुकटी बाई फोन बंद करून घरात बसते.

निदान एवढं तरी ठाऊक असू द्या. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना या बायकांशी सन्मानाने वागायला सांगितलं आहे, लैंगिक अत्याचार झाला तर इतर कुठल्याही पीडितेला मिळते ती सगळी मदत त्यांनाही द्यायला सांगितली आहे. कुठलीही बाई, तिचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्यानुसार मोफत वकील मागू शकते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण नांदेडलाही आहे, लातूरलाही. फोन १५१००. धमकीचे मेसेज पुसायचे नाहीत, पैसे परत केल्याची नोंद जपून ठेवायची. माझ्या ओळखीच्या बाईने ती जपली होती. शेवटी आम्ही दोघी मिळून ठाण्यात गेलो, दीड तास बाकावर बसलो. तक्रार घेतली गेली. त्यानंतर त्या नंबरवरून तिला फोन आलेला नाही.