राजधानी बांधणाऱ्यांचं गाव
ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया माळरानावर चारेक वर्षांत उभी राहिली आणि २१ एप्रिल १९६० रोजी तिचं उद्घाटन झालं. आराखडा लुसिओ कोस्टा यांचा, देखण्या इमारती ऑस्कर निमायर यांच्या. पण ती बांधणारे हजारो मजूर राहायचे कुठे?

त्यांच्यासाठी १९५६ मध्ये लाकडी घरांची तात्पुरती वस्ती वसली. तिथे दुकानदारांना कर माफ होता, म्हणून तिला ‘मुक्त नगरी’ म्हणत. राजधानी तयार झाली की ही वस्ती पाडायची, असं आधीच ठरलेलं! रहिवासी मात्र हटले नाहीत. त्यांनी एकजुटीने लढा दिला आणि १९६१ मध्ये कायद्याने ती कायम झाली. आज तिचं नाव आहे नुक्लेओ बांदेरांते.

राजधानी सरकारने वसवली. हे गाव मात्र माणसांनी राखलं.