पिशवी बदलून देता, हंगाम कोण बदलून देणार?



शहरातला माणूस पंखा विकत घेतो. पंखा फिरला नाही तर तो दुकानात जातो, पंखा गल्ल्यासमोर ठेवतो आणि म्हणतो, पैसे परत द्या. शेतकरी सरकीची पिशवी विकत घेतो. डोबलेल्या दहा दाण्यांतले चारच वर आले तर तोही दुकानात जातो. पण तो हात जोडून जातो. "शेटजी, यंदा बियाणं काही निघालं नाही, काहीतरी करा." पैसे रोख मोजलेले असोत की उधारीवर व्याजासकट फेडायचे असोत, ग्राहक तोच, दुकान तेच. तरी एकाची मागणी होते आणि दुसऱ्याची विनवणी. हे का?

कृषी केंद्रात मिळणारी उत्तरे तुम्हाला पाठ आहेत. पाऊस कमी पडला. पाऊस जास्त पडला. दाणा खोल गेला. बाकी कोणाची तक्रार नाही, तुमचीच कशी? मग "कंपनीला कळवतो", आणि आठ-दहा दिवस जातात. शेवटी दुकानदार मोठ्या मनाने दुसरी पिशवी पुढे करतो, आपण ती घेतो, वर त्याचे आभारही मानतो.

जरा हिशेब करा. बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पिशवीची सरकारने ठरवलेली कमाल किंमत २०२५ च्या खरिपात ९०१ रुपये होती. एकरी दोन पिशव्या धरल्या तर १८०२ रुपये. दुकानदार परत देतो तो एवढाच माल. नांगरट, वखराच्या पाळ्या, पेरणीबरोबर दिलेले खत, डोबणाऱ्या बायांची मजुरी, हे सगळे मातीत गेले ते कोणाच्या खात्यावर? आणि गेलेले पंधरा-वीस दिवस? कोरडवाहू कपाशीला ते दिवस परत मिळत नाहीत. उशिरा लावलेली कपाशी बोंडे भरायच्या वेळी जमिनीतल्या ओलीला महाग होते. खरीप ज्वारी उशिरा पेरली तर खोडमाशी टपून बसलेलीच असते; पोंगे मरतात आणि पुन्हा नांग्या भरायची वेळ येते. म्हणजे बदली पिशवी ही भरपाई नाहीच. ती दुसऱ्या नुकसानीची सुरुवात असू शकते.

आता जबाबदारी कोणाची ते पाहू. पिशवीवर लेबल असते. त्यावर लॉट क्रमांक, उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख आणि वापराची मुदत छापलेली असते. संकरित कपाशीला किमान उगवणशक्ती शंभरात ७५, ज्वारीलाही ७५. हे लेबल म्हणजे कंपनीने लिहून दिलेला शब्द आहे. प्रयोगशाळेतले ७५ म्हणजे शेतातले ७५ नव्हे, हे शेतीशास्त्र शिकलेला कोणीही मान्य करील. ढेकळे असतात, पापुद्रा धरतो, वाणी दाणे खातो. पण म्हणून शेतातले ३५ हा निसर्गाचा कोप ठरत नाही. आणि उगवण हीच एक खोट नव्हे. संकरित ज्वारीत नर-मादी ओळींची भेसळ झाली असेल तर कणसे बाहेर पडेपर्यंत कळत नाही. तोवर दुकानदार आपल्याला ओळखही दाखवत नाही.

१९६६ चा बियाणे कायदा लिहिणाऱ्यांनी पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ५०० रुपये दंड ठेवला. पाचशे! तोही सरकारजमा. ज्याचे शेत पडीक राहिले त्याच्या हातात काय, याबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही. उलट कायदा कडक होणार अशी नुसती चाहूल लागली तर काय होते तेही आपण पाहिले. २०२३ साली राज्य सरकारने निकृष्ट बियाणे, खते, औषधांवर कारवाईची विधेयके आणली, आणि नोव्हेंबरात विक्रेत्यांनी राज्यभर दुकाने बंद ठेवली. त्यांची एकजूट होते. आपण मात्र एकेकटे पिशवी बदलून आणतो.

दुकानदार हा आपला वैरी आहे असे मी म्हणत नाही. तो सीलबंद माल विकतो, आत काय आहे ते त्यालाही दिसत नाही. पण सौदा आपला त्याच्याशी झाला आहे. त्याने आपले पैसे द्यावेत आणि कंपनीकडून वसूल करावेत. कंपनीच्या बक्षिसाच्या सहली त्याने केल्या, तर कंपनीच्या खोटीचा वाटाही त्यानेच आधी उचलावा.

शेतकरी हा ग्राहकच नव्हे, तो व्यापारासाठी बियाणे घेतो, असा युक्तिवाद कंपन्या वर्षानुवर्षे करत आल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली, राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या विरोधातल्या आंध्र प्रदेशातील शेतकऱ्यांच्या प्रकरणात, तो फेटाळला. बियाणे कायदा आहे म्हणून ग्राहक न्यायालयाचे दार बंद होत नाही, हेही तिथेच ठरले. तपासणीसाठी मूळ बियाणे का राखले नाही, या प्रश्नालाही उत्तर मिळाले: शेतकरी पेरायला बियाणे आणतो, खटल्यासाठी नमुना राखायला नव्हे.

तरीही मी म्हणतो, राखा. मूठभर दाणे मूळ पिशवीतच, लेबलासह, कोरड्या जागी ठेवा. आणि पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहा. आम्हाला विद्यापीठात चारशे दाणे मोजायला शिकवले. घरी शंभर पुरेत. ज्वारी चार-पाच दिवसांत बोलते, सरकीला आठवडा द्या. मोड नीट आले नाहीत तर पिशवी न पेरता परत करणे सर्वात सोपे.

पेरल्यावर खोट दिसली तर खरी लढाई पंचनाम्याची. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. समिती पाहणीला येईपर्यंत शेत मोडू नका. डवरा फिरवला की पुरावा गेला. समिती आली की ती पावसाकडे बोट दाखवणार, हे गृहीत धरा. त्याला उत्तर शेजारच्या तासात आहे. त्याच दिवशी, त्याच ओलीवर, तशाच जमिनीत दुसऱ्या लॉटचे बियाणे निघाले असेल तर पावसाचा दोष एकाच लॉटला कसा लागला? ही तुलना पंचनाम्यात शब्दशः लिहून घ्या. नाही लिहिली तर सही करू नका, किंवा सहीच्या वर आपली हरकत लिहा. मात्र धूळपेरणी करून पाऊस ओढला असेल, आणि शेजारचेही निघाले नसेल, तर तक्रार करू नका. एका खोट्या अर्जाने दहा खरे अर्ज बुडतात.

कपाशीसाठी महाराष्ट्राचा २००९ चा वेगळा कायदा आहे, त्यात भरपाई मागता येते. अर्ज 'जी' नमुन्यात. इतर बियाण्यांसाठी, आणि दाद लागली नाही तर कपाशीसाठीही, जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मागणी फक्त पिशवीच्या किमतीची करू नका. मशागत, खत, मजुरी आणि बुडालेले उत्पन्न, सगळे मांडा.

हे सारे एका कागदावर उभे आहे: पक्के बिल. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाने रोख असो वा उधार, बिल देणे विक्रेत्याला बंधनकारक केले आहे. "उधारीला बिल नसते" ही थाप आहे. चोर बीटीची गोष्ट तर निराळीच. तण मारणाऱ्या औषधाला दाद न देणारी ती सरकी रात्री पोत्यातून येते. ना लेबल, ना बिल, ना दाद. तंत्रज्ञानावर बंदी घालणाऱ्यांनीच हा बेवारस बाजार उभा केला, हे माझे मत मी सभांमधून मांडतोच. पण त्या पिशवीत फसलात तर कोणाच्या दारात जाल?

जिल्हा बैठकीला येताना यंदाची बिले आणि रिकाम्या पिशव्या घेऊन या. गावाप्रमाणे नव्हे, लॉट क्रमांकाप्रमाणे यादी लावू. एकाच लॉटचे पंधरा-वीस शेतकरी एका ओळीत बसले की "बाकी कोणाची तक्रार नाही" हे उत्तर कोण देतो ते तिथेच पाहू. अर्जांचे नमुने टेबलावर ठेवलेले असतील. सोबत सातबारा आणावा.