कॅज्युअल्टीत सही मागितली तर

टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाला उलट्या होतात, पोट दुखतं, श्वास खोल आणि जोरात चालतो, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठल्याची ही लक्षणं. डॉक्टर याला डीकेए म्हणतात. मुलाला घेऊन तुम्ही कॅज्युअल्टीत धावता आणि तिथे कोणी विचारतं, "आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे, मुलाला त्यात घेऊ का?" बहुतेक आईबापांना एवढंच ऐकू येतं, की आपल्या लेकरावर प्रयोग करणार.

लगेच नाही म्हणू नका. लगेच होही म्हणू नका.

सलाईन आणि इन्सुलिन द्यायचं, याबद्दल वाद नाही. किती आणि किती वेगाने, हे मात्र पुष्कळदा धास्तीनेच ठरत आलं. सलाईन भराभर दिलं तर मेंदूला सूज येईल, या भीतीने मुलांना ते वर्षानुवर्षं जपून देत. शेवटी अमेरिकेतल्या १३ इमर्जन्सी विभागांनी १,२५५ मुलांमध्ये हे तपासलं. कोणाला कुठला वेग, हे चिठ्ठी काढावी तसं ठरलं. २०१८ साली निकाल छापून आला: मेंदूवरच्या परिणामात फरक आढळला नाही. आपल्याकडे चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयाने ५० मुलांमध्ये इन्सुलिनचा नेहमीचा डोस आणि त्याच्या निम्मा डोस ताडून पाहिला. साखर उतरायला निम्माही पुरला. दोन्ही अभ्यासांत एकाही मुलाला उपचाराविना ठेवलं नव्हतं.

म्हणून आधी हेच विचारा, की कुठल्याही गटात पडलं तरी सलाईन-इन्सुलिन मिळणार ना? रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक मागा. घाबरलेल्या बापाच्या हातात इंग्रजी कागदांचा गठ्ठा देणं ही संमती नव्हे. मराठीत समजावून घ्या, प्रत घ्या. नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडलात, तरी नेहमीचे उपचार मिळायलाच हवेत. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली, तर २०१९ च्या नियमांनुसार उपचार मोफत असतात.

आणि "इन्सुलिन बंद करा, आमचं नवं औषध घ्या" म्हणून पैसे मागणारा कोणी भेटला, तर ती चाचणी नव्हे. मुलाला उचला आणि तिथून निघा.