धोट्यातला धागा आणि वर्गाची एकजूट

कार्ल मार्क्सने १८५३ साली न्यूयॉर्कच्या एका दैनिकात भारताविषयी लेख लिहिले, तेव्हा बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी नुकतीच धावली होती आणि मुंबईत गिरणीचा भोंगा अजून वाजायचा होता. आगगाडीमागोमाग आधुनिक उद्योग येतील आणि जातिव्यवस्था ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर उभी आहे ती विभागणीच मोडून काढतील, असे भाकीत त्याने केले होते. उद्योग आले, जात मात्र मोडली नाही. ती गिरणीच्या दरवाजातून आत शिरली आणि खात्याखात्यांत वाटली गेली.

मुंबईच्या गिरण्यांतील साळखाते हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. विणकराची मजुरी इतर बहुतेक खात्यांपेक्षा अधिक असे. धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला आपण तोंड लावणार नाही, ही सवर्ण विणकरांची भूमिका होती. परिणामी अस्पृश्य कामगारांना साळखात्याचे दार बंद राहिले. ही मनाई कायद्याने घातलेली नव्हती. ती पाळण्यात कामगारच पुढे होते आणि मालकाला त्यात हस्तक्षेप करण्याची निकड कधी भासली नाही.

१९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी जो संप लढविला, त्यातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. कामगारांच्या चिकाटीचे ते तेजस्वी पर्व होते, यात शंका नाही. परंतु साळखात्यातील बंदीचा प्रश्न संपाच्या मागण्यांत आणण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आग्रह धरावा लागला आणि तो मान्य झाला तोही नाखुशीने. पुढारी जातिवादी होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हा प्रश्न काढला तर सवर्ण विणकर बिथरतील आणि एकजूट फुटेल, अशी त्यांची भीती होती. पण ज्या एकजुटीत एका गटाने आपला अपमान गिळून सामील व्हायचे असते, ती एकजूट कोणाची, हा आंबेडकरांचा प्रश्न होता. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला, त्यामागे ही कटुताही होती.

तरीही दोन्ही प्रवाह कायमचे विरुद्ध दिशांना वाहिले, असे नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाड येथे रेल्वे कामगारांपुढे बोलताना आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोहोंना कामगारांचे शत्रू ठरविले. त्याच वर्षी खेर मंत्रिमंडळाने संपावर निर्बंध आणणारे औद्योगिक कलह विधेयक मांडले, तेव्हा ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप घडविला. विधेयक मंजूर झालेच. पण जातीचा प्रश्न बाजूला न सारणारे नेतृत्व वर्गलढ्यातही अग्रभागी उभे राहू शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधकच होते.

डाव्या चळवळीने या अनुभवाचे तत्त्वज्ञान केले नाही, ही तिची खरी उणीव. अर्थव्यवस्था हा पाया आणि जात हा त्यावरील इमला, पाया बदलला की इमला आपोआप ढासळेल, असे सोपे समीकरण तिने दीर्घकाळ उराशी बाळगले. साळखात्यात जात हीच मजुरीचा दर ठरवीत होती. तेथे पाया कोणता आणि इमला कोणता? शरद पाटील यांनी १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापून मार्क्सला फुले-आंबेडकरांशी जोडले, ते याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. स्त्रियांच्या श्रमाबाबतही तेच झाले. गिरणगावात हजारो एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया कारखान्याच्या हजेरीपटावर नव्हत्या, म्हणून त्या कामगार गणल्या गेल्या नाहीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कुठे त्यांची संघटना झाली.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. वर्गाची भाषा आता कालबाह्य झाली, अस्मितेची चळवळ पुरेशी आहे, असे मानणाऱ्यांनी १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाकडे पाहावे. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले, तेव्हा बेकार झालेल्यांत मराठा होते, दलित होते, कोकणातले होते, उत्तर प्रदेशातलेही होते. भांडवलाने काढून टाकताना जात विचारली नाही. कामावर घेताना मात्र तिचा फायदा उठविला होता.

आज कायम नोकरी आकसत आहे आणि कंत्राटदार हा नवा मुकादम झाला आहे. शहराचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांत दलितांचे प्रमाण मोठे आहे, हा योगायोग नव्हे. २०१७ च्या एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. त्यामागे कचरा वाहतूक श्रमिक संघाची अनेक वर्षांची लढाई होती. ती केवळ मजुरीची नव्हती आणि केवळ मानाचीही नव्हती. दोन्ही मागण्या एकाच निवेदनात मावतात, हे त्या कामगारांना कोणी शिकवावे लागले नाही. १९२८ साली संपाच्या मागण्यांत जी मागणी नाखुशीने घेतली गेली, ती यापुढे पहिल्या क्रमांकावर लिहिण्याची तयारी कामगार संघटनांनी ठेवली पाहिजे. तेवढे केले नाही, तर एकजुटीचे आवाहन ऐकणारे कामगार त्यांच्याकडे फार काळ उरणार नाहीत.