सोडवू नका, तपासा

यूपीएससी आणि एमपीएससी या दोन्हींच्या सीसॅटच्या अभ्यासक्रमात डेटा सफिशियन्सी हा घटक दहावीच्या पातळीचा म्हणून दिलेला आहे. तरी असमानतेचा प्रश्न आला की गणितात हुशार असलेली मुलंही अडखळतात. शाळेत आपल्याला उत्तर काढायची सवय लागते. इथे उत्तर कुणी मागितलेलंच नसतं. दिलेल्या माहितीवर ठाम उत्तर देता येतं का, एवढंच सांगायचं असतं.

हा प्रश्न घ्या. क्ष ही संख्या य पेक्षा मोठी आहे का? विधान १ : क्षचा वर्ग यच्या वर्गापेक्षा मोठा आहे. विधान २ : क्ष आणि य यांची बेरीज शून्यापेक्षा जास्त आहे.

पहिलं विधान वाचताच बहुतेकांच्या तोंडून ‘हो’ येतं. क्ष = ३, य = २ घेतलं तर ते बरोबरही ठरतं. आता क्ष = −३ घ्या. वर्ग नऊच, विधान खरंच, पण उत्तर ‘नाही’. एकाच विधानातून दोन उत्तरं निघाली, म्हणजे ते अपुरं. दुसऱ्या विधानाकडे वळताना पहिलं पूर्ण विसरा. ३ आणि २, मग २ आणि ३ घेऊन पाहा, तेही अपुरं. दोन्ही एकत्र घेतली की चित्र पालटतं. वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. हा गुणाकार धन आहे, बेरीजही धन आहे, म्हणून वजाबाकी धनच असणार. दोन्ही विधानं मिळून पुरेशी.

सगळ्यात जास्त गुण जातात ते चलाने भागताना. ‘क्षचा वर्ग क्षपेक्षा मोठा’ असं दिसलं की हात आपोआप दोन्ही बाजूंना क्षने भागतो आणि ‘क्ष एकपेक्षा मोठा’ असं लिहून मोकळा होतो. क्ष ऋण असेल तर चिन्ह उलटतं, हे लक्षातच राहत नाही. −१ घालून बघा, अट पूर्ण होते. चल धन आहे की ऋण हे ठाऊक नसेल, तर त्याने भागू नका, गुणूही नका. त्याऐवजी २, १/२, ०, −१/२, −२ घालून पाहा. प्रश्नात ‘पूर्णांक’ हा शब्द असेल तरच अपूर्णांक सोडा.

आणखी एक. ठाम ‘नाही’ हेही पुरेसं उत्तर आहे. क्ष धन आहे का असं विचारलं आणि क्षचा घन ऋण आहे असं दिलं, तर ते विधान पुरेसं आहे. ‘नाही’ आलं म्हणून ‘अपुरं’वर खूण करू नका.

यूपीएससीच्या सीसॅटमध्ये ३३ टक्के मिळाले नाहीत, तर पहिल्या पेपरचे गुण विचारातच घेतले जात नाहीत, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापले जातात. म्हणून आजपासून जुन्या प्रश्नपत्रिका काढा आणि ‘अपुरं’ म्हणण्याआधी, एकदा ‘हो’ आणि एकदा ‘नाही’ देणाऱ्या संख्या कच्च्या कामात लिहून दाखवा.