गवताळ रानाले पडीक म्हणू नका

कागदावर आपल्या गवताळ रानाला ‘पडीक’, ‘निकृष्ट वन’, ‘रिकामी जागा’ असं लिहितात. 2016 च्या भरपाई वनीकरण कायद्याचा पैसा खर्च करायला अशीच जागा लागते. कुठं खाणीसाठी, कुठं रस्त्यासाठी जंगल तुटतं. त्याच्या बदल्यात गवतात खड्डे खोदायचे, रोपं लावायची, तारेचं कुंपण ठोकायचं. काहून, विचारलं तर सांगतात, हवेतला वायू कमी होते. अन् वरून म्हणतात, तुमच्या ढोरांच्या ढेकरातून मिथेन निघतो.

चला, मिथेनचीच गोष्ट करू. ढोर रवंथ करते तेव्हा मिथेन निघतो, हे खरं. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट तापवतो. पण हाच वायू खाणारे जंतू मातीत राहतात, ते कोणी सांगत नाही. तिखाडी, मारवेल, पवन्याच्या मुळ्यांनी मोकळी केलेल्या कोरड्या मातीत हवा शिरते, हवेसंगं मिथेन शिरतो, अन् डोळ्याला न दिसणारे हे जंतू त्यावर जगतात. जगभरातली माती मिळून दरसाल सुमारे तीन कोटी टन मिथेन असा गिळते. नांगर फिरला, नत्राचं खत पडलं की हे काम मंदावते, अन् परत जाग्यावर यायला कित्येक वर्षं जातात. पाणी तुंबून मातीतली हवा कोंडली तर उलटंच होते, माती मिथेन सोडू लागते. खाली अकोल्याकडं कपाशीच्या वावरात युरिया पडतो, त्यातला थोडा भाग नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो. तो तर 270 पटीचा! आपल्या रानात युरियाचं पोतं कोणी नेलं काय?

जंगलाखालची माती मिथेन जास्त खाते, असं कोणी म्हणेल. खाते. मग उभं जंगल खाणीला देता काहून? आमचं झाडाशी वैर नाही. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरच्या ग्रामसभेनं सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड वन राखून हिरवं केलं. पण झाड कुठं लावायचं अन् गवत कुठं ठेवायचं, ते गावानं ठरवलं. गवताचा कार्बन बहुतेक मुळ्यांत अन् मातीत असतो. वणवा आला तर वरचं पातं जळते, खालचं राहते. यंत्रानं चर खोदून तीच माती उलथवली, तर त्याचं नुकसान कोणत्या रकान्यात लिहिता? तिथं फक्त रोपं मोजतात.

आणखी एक पहा. मेळघाटातून कोहा, कुंड, बोरी ही गावं उठली, लोकं अकोट तालुक्यात आली. त्या जुन्या गावठाणांवर, वावरांवर आज गवत आहे. त्याला ‘कुरण’ म्हणतात, सांबर-गव्यासाठी जपतात. जपावंच. पण माणूस गेला की गवताचं कुरण होते, अन् माणूस राहिला की तेच गवत पडीक, हा कोणता न्याय?

वनहक्क कायदा 2006 चा आहे. कलम 3(1) मध्ये चराईचा हक्क आहे, अन् सामूहिक वन राखण्याचा, त्याची व्यवस्था करण्याचाही आहे. म्हणून सामूहिक दावा भरताना फक्त मोह-तेंदूची झाडं लिहून थांबू नका. गवताचा एकेक पट्टा त्याच्या गावच्या नावानं नकाशात काढा, कोणतं गवत, कोणत्या महिन्यात कापतो, ढोरं कधी सोडतो ते म्हाताऱ्या माणसांना अन् गुराख्यांना विचारून लिहा. रोपांची गाडी आली तर ग्रामसभेचा ठराव मागा. ठराव नसेल तर खड्डा खोदू देऊ नका.